लाकूड घ्यायला आपणही जाऊ

मैत्रिणींनो, पाऊस उघडला की अंबड, परतूर, भोकरदनकडे बांधकामांना जोर येतो. पण वखारीत चौकटीचं लाकूड निवडायला जातात पुरुषच. २०१६ पासूनच्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत घरकुल साधारणपणे नवरा-बायको दोघांच्या नावावर मिळतं. मग लाकूड घेताना बाई मागे का, असा माझा सवाल आहे.

वखारीत काय बघायचं, ते अवघड नाही. लाकडाचा बाहेरचा फिकट भाग लवकर कुजतो, आतला गडद गाभा टिकतो. सागवानही याला अपवाद नाही. म्हणून पांढरा भाग जास्त असलेला नग घेऊ नका. चावीने टोचून बघा. मऊ लागलं, ठोकल्यावर आवाज बद्द आला, कुबट वास आला, तर तो नग बाजूला काढायला लावा. कुजणं म्हणजे बुरशी. लाकडात ओल साधारण २० टक्क्यांच्या वर गेली की ती वाढते.

असा नग घरी आलाच, तर वरून रंग किंवा पॉलिश मारून झाकू नका, ओल आत कोंडते. पावती दाखवून तो बदलून मागा. चांगलं लाकूड जमिनीपासून उंच, मधे पट्ट्या घालून सावलीत वाळू द्या. चौकटीची भिंतीत जाणारी बाजू बसवण्याआधीच कूज रोखणारं औषध लावून घ्या.

‘बायकांना लाकडातलं काय कळतं?’ असं कुणी म्हणालं, तर सांगा, कणगीतल्या धान्याला लागलेली बुरशी पहिल्यांदा कुणाला कळते?