अश्रू अडवू नका, कृती आवरा

घरातील कर्ता पुरुष गेल्यानंतर महिना-दीड महिन्याने त्याची पत्नी चिकित्सालयात येते. झोप नाही, अन्नावर वासना नाही, छातीत धडधडते, अशा तिच्या तक्रारी असतात. नाडी पाहत असतानाच तिचे डोळे भरून येतात आणि आपण सहज म्हणतो, "रडू नका, मन घट्ट करा." औषधी दुकानातही ब्राह्मी वा अश्वगंधेची बाटली देताना हेच वाक्य ऐकू येते. आम्हीही ते अनेक वर्षे उच्चारले आहे. ते शास्त्राला धरून नव्हते, असे आता आमचे स्पष्ट मत झाले आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासला आहे. त्यात सांगितलेल्या तेरा अधारणीय वेगांत बाष्प, म्हणजे अश्रू, यांचा समावेश आहे. ते रोखल्याने प्रतिश्याय, नेत्ररोग, हृद्रोग, अरुची व भ्रम उद्भवतात, असे आचार्य म्हणतात. त्याच अध्यायात पुढे लोभ, शोक, भय, क्रोध, ईर्ष्या इत्यादींचे वेग मात्र धारण करावयास सांगितले आहेत. वरवर पाहता हा विरोध वाटतो. आमच्या मते हा विवेक आहे. शोक आवरावयाचा तो कृतीत. अन्न सोडणे, संतापाच्या भरात नाती तोडणे, घाईने जमीन विकून टाकणे, व्यसनाकडे वळणे, या गोष्टींनी मूळ दुःखात नव्या दुःखाची भर पडते. डोळ्यांतील पाणी मात्र वाहू द्यावे.

बाष्पनिग्रहजन्य विकारांवर निद्रा, मद्य व प्रिय कथा हे उपाय सांगितले आहेत. पैकी मद्य सुचविणे आज आम्हांस धोक्याचे वाटते. शोकात हाती घेतलेला पेला सहसा सुटत नाही. उरलेले दोन उपाय प्रत्येक वैद्याच्या आवाक्यातील आहेत. रुग्णास आधी मोकळेपणी रडू द्यावे, मग आवडीच्या विषयावर बोलते करावे. सत्त्वावजयाचा आरंभ येथूनच होतो, असे आम्ही मानतो. त्यास दहा मिनिटे लागतात, आणि नेमकी तीच देण्यास आपण काचकूच करतो.

औषधी विक्रेत्या बंधूंनीही अशा ग्राहकापुढे केवळ बाटली न ठेवता त्यास वैद्याकडे पाठवावे. रुग्ण जीव नकोसा झाल्याचे बोलू लागल्यास त्याला एकटे न सोडता, नातेवाइकांना विश्वासात घेऊन त्याच दिवशी मानसरोगतज्ज्ञाकडे न्यावे. केंद्र शासनाची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे. तो क्रमांक चिकित्सालयात व दुकानात ठळकपणे लावावा. यात आपल्या शास्त्राला कमीपणा नाही. आपली मर्यादा ओळखणे हेही वैद्याचे कर्तव्यच होय.