हिरवा चहा आणि बोधवादी वाचक

हिरव्या चहाविषयी आपल्याकडे दोनच प्रकारचे लोक बोलताना आढळतात. एक, वजन कमी करू पाहणारे आणि दुसरे, त्यांची टिंगल करणारे. हा चहा केवळ चवीसाठी प्यावा, असे म्हणणारा तिसरा मनुष्य क्वचितच भेटतो. त्या अल्पसंख्य पक्षाच्या वतीने हे लिहीत आहे.

मांडवगण फराटा हे आमचे गाव शिरूर तालुक्याच्या कडेला, भीमेच्या काठी वसलेले आहे. नदी ओलांडली की दौंड तालुका. दोन्ही तीरांवर ऊस, त्यामुळे गोडाला येथे अपार प्रतिष्ठा आहे. चहात साखर कमी पडली तर यजमानाचा हात आखडता आहे असे समजतात. मागे एकदा दिवाळीत काकींकडे गेलो असता मी पिशवीतून आणलेली पाने काढली आणि नुसते गरम पाणी मागितले. काकींनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "शुगर निघाली का काय रं तुला?" नाही म्हटल्यावर त्या परसात गेल्या आणि गवती चहाची चार पाती तोडून घेऊन आल्या. त्यांच्या लेखी हिरवा चहा तो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने गवती चहा हे निव्वळ गवत, चहाच्या झुडपाशी त्याचे काही नाते नाही. पण नावापुरता त्यांचा दावा माझ्यापेक्षा बळकट होता, हे मान्य केले पाहिजे.

आपण उद्धटपणा केला हे मला फार उशिरा उमगले. महाराष्ट्रात चहाचा प्रश्न 'काय प्यालात' याहून 'कोणाबरोबर प्यालात' असा राहिला आहे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर पुढे आलेल्या चहाने न्यायमूर्ती रानडे, टिळक यांच्यासारख्यांना प्रायश्चित्ताच्या प्रकरणात ओढले. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रातून जाहीर केली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. तेव्हा चहा घेणे हा अपराध होता. आज गावात तो नाकारणे हा अपराध आहे. पाहुण्याने स्वतःचा चहा सोबत आणणे हा तर त्याहून मोठा.

म्हणून हिरव्या चहाचे समर्थन करताना मी त्याला दुधाच्या चहाचा प्रतिस्पर्धी मानत नाही. दोन्ही एकाच झुडपाची पाने आहेत. एकात ती चुरडून काळी होऊ देतात. दुसऱ्यात तोडल्यावर लवकरच उष्णता देऊन काळी पडण्याची क्रिया थांबवतात. चिनी लोक पाने कढईत परततात, जपानी वाफवतात. आपल्या डब्यातली गोळीदार चहा पावडर ही सीटीसी यंत्राची देणगी. १९३० च्या सुमारास आसामात निघालेल्या या यंत्राने पान दाबून, फाडून, वळवून असे केले की ते क्षणात रंग सोडते. दूध, साखर, आले यांच्या गर्दीतही ज्याचा आवाज ऐकू जाईल असा हा चहा आहे, आणि चारचौघांत बसून पिण्यास तोच योग्य.

हिरव्या पानाचा आवाज लहान असतो. त्याच्यावर उकळते पाणी ओतले की ते कडू होते, आणि मग आपण पानालाच दोष देतो. पाणी उकळल्यावर चार-पाच मिनिटे थांबावे. ते पंच्याहत्तर-ऐंशी अंशांपर्यंत उतरले की कपाला दोन ग्रॅम, म्हणजे साधारण चहाचा एक चमचा पाने टाकावीत आणि दोन-अडीच मिनिटांत गाळावे. तीच पाने दुसऱ्यांदा, चांगली असतील तर तिसऱ्यांदाही चालतात. पहिल्या कपात गंध जास्त, दुसऱ्यात गोडवा. पुनर्वाचनाचे सुख आपल्या वर्गाला वेगळे समजावून सांगायला नको.

माझे खरे भांडण आहे ते आरोग्याच्या जाहिरातींशी. एखादी कादंबरी 'तिच्यातून काय बोध मिळतो' एवढ्यासाठीच वाचणारा विद्यार्थी आपल्याला माहीत आहे. परीक्षेत तो उत्तम गुण मिळवतो आणि कादंबरी त्याला कधीच भेटत नाही. औषध म्हणून नाक दाबून हिरवा चहा पिणारा त्याचाच भाऊ. भरताने नाट्यातला रस समजावताना जेवणाऱ्याचे उदाहरण घेतले, पथ्य करणाऱ्याचे नव्हे. फडके-खांडेकर वादात मी एरवी खांडेकरांकडे झुकतो, पण चहापुरता फडक्यांच्या बाजूचा आहे.

दुसरा आक्षेप, हे श्रीमंतांचे चोचले आहेत. येथे थोडा हिशेब करू. मी अलीकडे कांगड्याची सुटी पाने घेतली ती शंभर ग्रॅमला दीडशे रुपयांनी. दोन ग्रॅमचा कप धरला तर पन्नास कप, म्हणजे कपाला तीन रुपये. पाने दोनदा वापरली तर दीड. घरच्या चहातले नुसते दूधच याहून महाग पडते. महाग असते ती दोऱ्याला बांधलेली कागदी पुडी. तिच्यात बहुधा पानांचा चुरा असतो आणि आपण पैसे मोजतो ते खोक्याचे. लिंबू-मध-मोगरा असल्या वासांच्या पुड्यांबद्दल तर न बोललेले बरे. वास लावावा लागतो तो बहुधा पानाला स्वतःचा उरलेला नसतो म्हणून.

कांगड्याची शिफारस मी उगाच करीत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे चिनी जातीची झुडपे लावली गेली, आणि तिथला हिरवा चहा अमृतसरमार्गे अफगाणिस्तानापर्यंत जात असे. १९०५ च्या भूकंपाने अनेक मळे बसले. २००५ साली 'कांगडा चहा'ला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी दार्जिलिंगचा दिमाख त्याच्या वाट्याला आला नाही. किमतीच्या दृष्टीने हे आपल्या पथ्यावर पडते. निलगिरीचा हिरवा चहाही परवडतो. पुण्याच्या पेठांत पावडर तोलून देणारी दुकाने आहेत, तेथे विचारावे. नाहीतर पालमपूरहून टपालाने मागवावा. आधी पन्नास ग्रॅमच घ्यावा आणि पाने यंदाच्या तोडणीची आहेत ना, हे विचारावे. मूठभर पाने हुंगून पाहावीत. वाळल्या कडब्याचा वास आला तर दुकानदाराला नमस्कार करून निघावे. घरी घट्ट झाकणाचा डबा वापरावा, आणि तो मसाल्यांच्या फळीवर ठेवू नये. ही चूक मी केली आहे. महिनाभर चहाला हिंगाचा वास होता.

गेल्या खेपेस मांडवगणला गेलो तेव्हा काकींचा चहा साखरेसकट, मुकाट्याने घेतला. दुसऱ्या दिवशी पहाटे ओट्यावर बसून माझी पाने भिजत घातली, तर काकी शेजारी येऊन बसल्या. अर्धा कप त्यांना दिला. त्यांनी एक घोट घेतला, थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "ओल्या हरभऱ्याच्या घाट्यावानी वास येतुया." इतके नेमके वर्णन मी कोणत्याही खोक्यावर वाचलेले नाही. मग त्यांनी साखरेचा डबा मागितला, आणि मी तो पुढे केला.