वाटपाची वही कोणाच्या हाती?

उद्याचे भयचित्र रंगविण्याचा मक्ता हॉलिवूडकडेच आहे, असा समज रूढ आहे. तेथील भयचित्रात बहुधा यंत्रे माजतात, महानगरे कोसळतात आणि सुबत्ता हरपते. ज्यांच्या वाट्याला सुबत्ता फारशी आलीच नाही, त्या एके काळच्या वसाहतींतील दिग्दर्शकांचे भय मात्र निराळे आहे. तुटपुंजे जे आहे, त्याचे वाटप कोण करणार, हा त्यांचा प्रश्न.

केनियाच्या वनुरी काहियू यांचा 'पुम्झी' (२००९) जेमतेम वीस-एकवीस मिनिटांचा आहे. पाण्यासाठी झालेल्या तिसऱ्या महायुद्धाला पस्तीस वर्षे लोटली आहेत. पूर्व आफ्रिकेतील माणसे बंदिस्त वस्तीत राहतात, घाम व मूत्रही शुद्ध करून पितात आणि व्यायामाच्या यंत्रांवर राबून वीज निर्माण करतात. संग्रहालयात काम करणाऱ्या आशाकडे एका निनावी पेटीतून थोडी माती येते. ती ओलसर आहे, किरणोत्सर्गापासून मुक्त आहे आणि तीत बी रुजते. वार्ता आनंदाची, पण आशाने बाहेर जाण्याचा परवाना मागताच परिषद तो नाकारते. बाहेर सर्व काही मृत आहे, या एका विधानावर ते राज्य उभे असते. एक रोप जगले, तर आतील शिस्तीचे प्रयोजन काय उरणार? अर्थशास्त्र टंचाईला गृहीतक मानते. येथे ती सत्तेचे भांडवल आहे.

आशा पळून जाते, वाळवंटात रोप लावते आणि उरलेले पाणी त्याला घालून स्वतः त्याची सावली होते. हा त्याग हृद्य खराच. परिषद मात्र जागच्या जागी राहते, हे खटकते.

ती उणीव ब्राझीलच्या 'बाकुराउ'त (२०१९) नाही. क्लेबर मेंडोन्सा फिल्यो व जुलियानो दोर्नेलेस यांनी त्यात ईशान्येकडील अवर्षणग्रस्त मुलूख दाखविला आहे. काळ 'काही वर्षांनंतरचा'. पण पाणी वरच अडविलेले, गावाची तहान टँकरवर, आणि मते मागायला आलेला महापौर मुदत संपलेले अन्न देऊन जातो! यात विज्ञानकल्पना ती कोणती, असे कोणी विचारल्यास उत्तर देणे अवघडच. पुढे गाव उपग्रहाच्या नकाशावरून नाहीसे होते आणि परदेशी टोळी खेळ म्हणून माणसांची शिकार करू लागते. तेव्हा गावकरी आपल्या संग्रहालयातील जुनी शस्त्रे उतरवितात. रक्तपात जरा अधिकच झाला आहे; पण हिशेब येथे सारे गाव मिळून मागते.

या दोन्ही चित्रपटांना परदेशी पैसा घ्यावा लागला: 'पुम्झी'ला अमेरिकन व जर्मन साहाय्य, तर 'बाकुराउ'त फ्रेंच भागीदारी.