जुन्या बंदुकीचा दस्ता आणि श्रमाचे मोल

या पानावर बंदुकीची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल, आणि तो रास्तच आहे. हत्यारांविषयी मला यत्किंचितही ममत्व नाही. तथापि अमेरिकेतील माझ्या जावईबापूंच्या घरी एका ठासणीच्या बंदुकीवरून जो वाद गेल्या हिवाळ्यात सुरू होता, त्याच्या मुळाशी श्रमाच्या मोलाचा प्रश्न आहे असे मला वाटते. आयुष्यभर वर्गात उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य हे शब्द फळ्यावर लिहिलेल्या माणसाने अशा वेळी गप्प बसणे बरे नव्हे.

बंदूक जावयाच्या आजोबांची. ते पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेम येथे पोलाद कारखान्यात कामगार होते. १९७५-७६ च्या हिवाळ्यात, अमेरिकन स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीची धामधूम चालू असताना, त्यांनी घराच्या तळघरात ती तयार केली. त्या काळी तेथे जुन्या पद्धतीच्या चकमकीच्या रायफली हाताने घडवण्याची एक लाटच आली होती. देशप्रेमाचा उमाळा हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक व्यावहारिक होते. पेनसिल्व्हेनिया राज्याने १९७४ पासून हरणाच्या शिकारीचा एक खास हंगाम चकमकीच्या बंदुकांसाठी राखून ठेवला, आणि नाताळनंतरचा तो हंगाम आजही चालू आहे. कायद्याने मागणी निर्माण केली की कारागिरी कशी पुन्हा डोके वर काढते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

आता नातवाला त्या हंगामात हीच बंदूक न्यावयाची आहे, आणि ती नीट चालत नाही. चकमकीच्या बंदुकीची रचना साधी आहे. चाप ओढला की घोड्याच्या जबड्यात धरलेली गारगोटी समोरच्या पोलादी पट्टीवर घासते, ठिणग्या खालच्या वाटीतील रंजकावर पडतात आणि ज्वाळा नळीच्या कानातून आतल्या दारूपर्यंत पोहोचते. या बंदुकीतील पट्टी मऊ पडली असल्याने ठिणगी धड पडत नाही. कान झिजून मोठा झाला आहे. शिवाय दस्ता फार जाड आहे. हौशी माणसाच्या कामात हा दोष हमखास आढळतो. जास्त लाकूड निघून जाईल या भीतीने त्याचा हात आखडतो. परिणामी बंदूक जड झाली आहे आणि खांद्याला नीट लागत नाही.

जवळच्या कारागिराने सल्ला दिला तो असा: यंत्रणा नवी बसवावी, कानात नवी पोलादी नळी घालावी, आणि दस्ता तासून सडपातळ करावा. अडचण एवढीच, की दस्त्याच्या गालावर आजोबांनी कोरलेली एक वेल आहे. ती बेढबच आहे. पानांचे आकार एकसारखे नाहीत. दस्ता तासला की वेल जाणार. कारागिराचे म्हणणे, अज्ञात हौशी माणसाच्या बंदुकीला बाजारात किंमत नाही, तेव्हा गमावण्यासारखे काही नाही. घरातील अर्ध्या लोकांना ते पटले, अर्ध्यांना पटले नाही.

निर्णयाआधी या बंदुकांचा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर आणि आसपासच्या गावांत जर्मन वंशाच्या कारागिरांनी लांब नळीची, मेपल लाकडाच्या दस्त्याची ही रायफल विकसित केली. (तिच्याभोवती शौर्याच्या कथांचे जे वलय आहे त्याने दिपून जाण्याचे कारण नाही. याच लँकेस्टरमध्ये संरक्षणासाठी म्हणून सरकारी इमारतीत ठेवलेल्या कोनेस्टोगा जमातीच्या १४ निःशस्त्र माणसांची, त्यांत मुलेही होती, गोऱ्या वसाहतवाल्यांच्या जमावाने २७ डिसेंबर १७६३ रोजी कत्तल केली.) ‘हाताने बनवलेली’ या शब्दानेही फसू नये. त्या काळातील पुष्कळ बंदुकांच्या चकमकी-यंत्रणा इंग्लंडहून आयात होत. कारागीर त्या विकत घेई आणि आपल्या दस्त्यात बसवी. १९७६ च्या आजोबांनीही नळी आणि यंत्रणा विकतच आणली होती.

आणि या बंदुका ‘जशाच्या तशा’ कधी राहिल्याच नाहीत. मऊ लोखंडाच्या नळ्या झिजत. मग त्यांतील पेचदार खाचा पुन्हा कापून घेत, नळीचे भोक किंचित मोठे होई, गोळीचा साचा नवा करावा लागे. फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या दारूचे पेटंट घेतले आणि त्यातून पुढे तांब्याच्या टोपीची बंदूक आली, तेव्हा हजारो चकमकीच्या बंदुकांचे घोडे बदलून त्या टोपीवर चालणाऱ्या करण्यात आल्या. गावच्या लोहाराने गिऱ्हाइकाच्या गरजेपोटी केलेले ते काम होते. पावसात चकमक दगा देई, टोपी देत नसे.

विसाव्या शतकात मात्र उलटी गंगा वाहिली. संग्राहकांच्या बाजारात चकमकीच्या बंदुकीला अधिक किंमत येऊ लागताच टोपीच्या बंदुका पुन्हा चकमकीच्या ‘करण्यात’ आल्या. हे करताना शंभर वर्षांपूर्वीच्या त्या लोहाराची मेहनत फेकून दिली गेली. एक फेरफार वापरासाठी होता, दुसरा दरासाठी. हत्यारे दोघांच्याही हातात कानस आणि हातोडीच होती, पण पहिल्याने वस्तूचे आयुष्य वाढवले आणि दुसऱ्याने तिच्या आयुष्याची काही पाने फाडली.

विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, तेव्हा जीर्णोद्धाराच्या नावाखाली भिंती खरवडणाऱ्या वास्तुशास्त्रज्ञांवर त्याचा रोख होता. सभासद त्या संस्थेला गमतीने ‘खरवड-विरोधी’ म्हणत. हाच मॉरिस पुढे १८८३ मध्ये समाजवादी चळवळीत आला, यात मला विसंगती दिसत नाही. त्याने डागडुजीला कधीच विरोध केला नाही. गळके छप्पर शाकारा, भिंतीला टेकू द्या, पण जुन्या गवंड्याचा हात पुसून त्या जागी आपली कल्पना बसवू नका, एवढेच त्याचे सांगणे होते.

यावरून माझे मत असे बनले आहे. यंत्रणा आणि कान यांची दुरुस्ती निःसंकोच करावी. ते भाग आजोबांनी बाजारातून आणले होते. ते दुसऱ्या कोणाचे श्रम आहेत, वस्तुरूपाने विकले गेलेले आणि म्हणून बदलण्याजोगे. किंबहुना मऊ पडलेल्या पट्टीवर पोलादाचा नवा पत्रा रिव्हेटने बसवण्याची रीत जुनीच आहे. नवी यंत्रणा घेण्याआधी तीच करून पाहावी. नळीचे मागचे टोक पक्के आहे ना, आत जुना बार राहिलेला नाही ना, हे जाणकाराकडून तपासल्याशिवाय तर बंदुकीला हातच लावू नये.

दस्त्याची गोष्ट वेगळी आहे. दिवसभर ज्या माणसाने दुसऱ्याच्या यंत्रावर, दुसऱ्याने ठरवलेल्या वेगाने पोलाद काढले, त्याने रात्री तळघरात स्वतःच्या मर्जीने केलेले काम ते. कारखान्यातून त्याच्या हातून गेलेल्या पोलादापैकी एका पट्टीवरही त्याची खूण नाही. बेथलेहेममधले पोलाद काढणे १९९५ मध्ये थांबले आणि २००१ मध्ये कंपनीने दिवाळे जाहीर केले. त्या आयुष्याचा दाखला म्हणून त्या कुटुंबात उरले आहे ते हे जाड लाकूड आणि ही बेढब वेल. बाजारात त्याला किंमत नाही, हे दस्ता तासण्याच्या बाजूचे कारण म्हणून पुढे केले जाते. मला ते न तासण्याचे कारण वाटते, कारण निदान येथे तरी दराचा विचार आड येत नाही.

जावईबापूंचा आक्षेप असा, की आजोबांनी बंदूक वापरण्यासाठी केली होती, खुंटीला टांगण्यासाठी नव्हे. आक्षेपात तथ्य आहे, आणि मी तो टाळू इच्छित नाही. पण जड बंदूक म्हणजे निकामी बंदूक नव्हे. आजोबा हीच खांद्यावर टाकून अनेक हंगाम रानात हिंडले, असे त्यांची मुलगी सांगते. नातवाचा खांदा तिला सरावला नाही तर त्याने मेपलची एक फळी आणावी. तळघरात आजोबांच्या पटाशा आणि रंधे अजून आहेत. त्यांना धार लावावी लागेल, आणि पहिल्या दस्त्यातले बरेच लाकूड वाया जाईल.