वाट कोणी चालायची?

गतवर्षी आयर्लंडला जाण्याचा योग आला. गॉलवेहून सकाळी निघालेली आमची बस कॉनेमाराच्या प्रदेशात शिरली. तपकिरी दलदल, दगडी बांध, रस्त्यातच ठाण मांडलेल्या मेंढ्या आणि घटकेत ऊन, घटकेत पाऊस. आपल्या श्रावणाचीच आठवण यावी!

किलरीच्या खाडीपाशी चालकाने डोंगरउतारावरील समांतर वरंबे दाखविले. आम्हांला ती निसर्गाची नक्षी वाटली. प्रत्यक्षात ते बटाट्याचे जुने वाफे होते. १८४५ पासून करप्याने पीक कुजले. त्या दुष्काळात व त्यामागून आलेल्या तापांच्या साथींत सुमारे दहा लाख माणसे दगावली, तितकीच किंवा त्याहून अधिक परदेशी गेली. धान्य मात्र बंदरांतून बाहेर जातच राहिले. १८४१ साली त्या बेटाची लोकसंख्या ऐंशी लाखांवर होती. आजही ती तेवढी झालेली नाही.

पुढे डूलॉखच्या दरीत एका साध्या दगडी स्मारकापाशी बस दहा मिनिटे थांबली. मार्च १८४९ च्या अखेरीस लुईसबर्ग गावी शेकडो उपाशी माणसे सरकारी मदतीसाठी तपासणीला जमली होती. त्यांना निरोप मिळाला : उद्या सकाळी डेल्फायच्या बंगल्यावर हजर व्हा. सुमारे १९ किलोमीटरची ती वाट माणसे थंडीवाऱ्यात चालली, रिकाम्या हाती परतली, आणि काहींनी वाटेतच प्राण सोडले. आजही जगात वाट तुडविणाऱ्या भुकेल्यांचे स्मरण त्या दगडावर आहे, शेजारी गांधीजींचे वचन आहे. आम्ही गुजरातेतले प्रवासी क्षणभर निःशब्द झालो.

तीव्र कुपोषित बालकाला आपण उपचाराच्या आरंभीच ऊब देतो, कारण भुकेइतकीच थंडीही त्याला मारते. त्या रात्री नेमके उलटे घडले. ज्यांच्या अंगी त्राण नव्हते त्यांनी चालायचे, आणि ज्यांच्याकडे घोडागाड्या होत्या त्यांनी वाट पाहायची, असा तो नियम होता.

हा नियम इतिहासजमा झाला आहे काय? याच मेयो परगण्यात १८४४ मध्ये जन्मलेले सर अँटनी मॅकडॉनेल १९०१ च्या भारतीय दुष्काळ आयोगाचे अध्यक्ष होते. 'छप्पनिया'च्या आठवणी आपल्या बडोद्यातील जुन्या घरांतून अजून निघतात. त्या दुष्काळानंतरच्या या आयोगाने भर दिला तो माणूस खचण्यापूर्वी मदत पोहोचविण्यावर. तरीही, 'कागद घेऊन गुरुवारी या' असे छोटाउदेपूरकडून आलेल्या एका मजूर मातेला मीच एकदा सांगितले होते. बाळाचे वजन घटत होते, तिचा दिवसाचा रोज बुडत होता. ती पुन्हा आली नाही. कित्येक वर्षे मी तिला 'उपचार अर्धवट सोडणारी' म्हणत आलो. डूलॉखला उभा असताना तो शब्द मला माझाच वाटला.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. आपल्या मंडळाचे वार्षिक बालआरोग्य शिबिर शहरातील सभागृहात भरते. व्यवस्था चोख असते, छायाचित्रेही सुरेख येतात. यापुढे ते पाड्यावर भरावे. वजनकाटा, औषधे आणि आपण सारे एका बसमध्ये सहज मावतो. पर्यटनासाठी आपण दिवसभर बसमध्ये बसू शकतो, तर या कामासाठी का नको? वाट चालायचीच असेल, तर ती सशक्ताने चालावी.