धूळ कोणती, चमकी कोणती

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधले दोन महिने कुठे गेले म्हणाल, तर निगेटिव्ह स्कॅन करण्यात. हे गेल्याला चार वर्षं झाली. माळ्यावर ह्यांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, त्यात पट्ट्या. काही पातळ कागदात गुंडाळलेल्या, काही नुसत्याच. लेक म्हणाला, "आई, पुण्यात एका दुकानात देऊन टाकू, सगळं साफसूफ करून देतात." मी म्हटलं, डबा घराबाहेर जाणार नाही. मग त्याने स्कॅनरच आणून दिला आणि नातवाने दोन दिवस राहून मला शिकवलं. सॉफ्टवेअरचा सगळा कारभार इंग्रजीत, आणि आमचं बीए मराठी माध्यमातलं! पण कोणतं बटण काय करतं हे वहीत मराठीत लिहून काढलं आणि जमलं.

आता मुद्द्याचं. माझं मत असं झालं आहे की जुनी निगेटिव्ह पहिल्यांदा स्कॅन करताना यंत्राचं ते 'धूळ काढा, ओरखडे काढा' बटण बंदच ठेवावं. घरातल्या तरुण मंडळींना हे पटत नाही. म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिल्या आठवड्यात माझ्या प्रत्येक फोटोवर एक सरळ रेघ यायची. बारशाच्या फोटोवर रेघ, शाळेच्या सहलीवर रेघ, सगळीकडे तिथेच. मी पट्ट्या पुसपुसून दमले. मग डोक्यात आलं की चाळीस मुलांच्या वहीत एकच चूक असेल, तर ती बाईंनी फळ्यावर केलेली असते! पट्टी उलट टोकाने घातली तर चित्र फिरलं, रेघ होती तिथेच. म्हणजे दोष फिल्मचा नव्हताच. फिल्म होल्डरच्या एका टोकाला रिकामी खिडकी असते, तिथला कोरा उजेड मोजून यंत्र आपला हिशेब लावतं. त्या खिडकीखाली काचेवर एक धागा पडला होता, माझ्याच सुती पदराचा. तो उचलला, रेघ गेली. तेव्हापासून पदर खोचून बसते आणि कुठलाही डाग दिसला की आधी पट्टी जागची हलवून बघते. डाग पडद्यावर जागच्या जागी राहिला तर काचेवर आहे, चित्राबरोबर सरकला तर फिल्मवर.

फिल्मवरच्या डागांच्याही जाती आहेत. निगेटिव्हवर धुळीचा कण असला की तिथून उजेड जात नाही, त्यामुळे फोटोत तो पांढरा ठिपका होऊन येतो. काळी बारीक रेघ आली तर समजावं की खरवड चित्राच्या थरातच गेली आहे, ती पुसून जाणार नाही. लाकडाच्या गाठीसारखी एकात एक कडी दिसली तर फिल्म काचेला चिकटली आहे. माझ्या वाकड्या झालेल्या पट्ट्यांना ही खोड फार होती. स्वच्छ कागदात घालून आठ दिवस शब्दकोशाखाली ठेवल्या, बऱ्याचशा सरळ झाल्या. (शब्दकोश हल्ली एवढ्याच कामाला उरलाय.) फळ्यावरची अक्षरं उलटी आली तर पट्टी पालथी घातली आहे. चकचकीत बाजू आणि मंद बाजू ओळखायला शिका. चित्राचा थर मंद बाजूला असतो, तिला बोट लावू नका.

बुरशी मात्र आम्हा कोकणातल्यांच्या नशिबीच. देवरुखातला पाऊस तुम्हाला माहीत आहे, कपाटातल्या चपलांनाही हिरवं येतं. फिल्मवरचा थर जिलेटीनचा, म्हणजे बुरशीला जेवणच. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले दिसतात. बुरशी लागलेली निगेटिव्ह पाण्याने धुवायला जाऊ नका, बुरशीने पोखरलेलं जिलेटीन पाण्यात विरघळतं. ह्यांच्या एका मित्राच्या लग्नाची पट्टी मी अशी घालवली. ओल्या कापसाबरोबर नवरदेवाचा चेहरा निघून आला. तो मित्र हयात नाही, त्याच्या मुलीला अजून सांगितलेलं नाही. हे वाचून कळलं तर कळो. आता मी रबरी फुग्याने हवा मारते आणि मऊ ब्रश फिरवते, बस. तोंडाने फुंकर नाही, थुंकी उडते.

तर एवढे उपद्व्याप झाल्यावर नातवाने ते बटण दाखवलं होतं त्याची आठवण झाली. एका टिचकीत धूळ गायब! ऐंशीच्या दशकानंतरच्या रंगीत पट्ट्यांवर लावून बघितलं आणि थक्क झाले. मग सुटलेच. डब्यातल्या सगळ्या पट्ट्या त्याच मापाने काढल्या, काळ्या-पांढऱ्यासुद्धा.

त्यात सासूबाईंचा एक फोटो होता, १९६९ सालचा. ह्यांनी पहिल्या पगारातून जुना आग्फा क्लिक थ्री घेतला होता, त्यावर काढलेला. पडवीत बसल्या आहेत, मांडीवर सूप, मान जरा वळवलेली. सांगलीच्या वन्संना व्हॉट्सॲपवर पाठवला. दहा मिनिटांत फोन आला.

"वहिनी, फोटो छान आलाय हो. पण आईची चमकी कुठाय?"

मी म्हटलं, कुठली चमकी?

"नाकातली. हिऱ्याची नव्हती, साधा खडाच होता, पण उन्हात असा चमकायचा! आणि डोळे पण मेल्यासारखे का दिसतायत?"

माझं लग्न १९७४ चं. मामंजी १९७२ ला गेले. मी उंबरठा ओलांडला तेव्हा सासूबाईंच्या नाकात काही नव्हतं, कपाळ मोकळं. चाळीसेक वर्षं त्यांच्याबरोबर काढली, पण चमकी घातलेल्या सासूबाई मी पाहिलेल्याच नाहीत. मग ती गेलेली मला कळणार कशी? वन्सं म्हणाल्या, "बाबांच्या दहाव्याला बायकांनी काढून घेतली तिच्या नाकातली. मी पंधरा वर्षांची होते, दारात उभी होते. एकदा काढली तेवढं पुरे झालं, वहिनी."

फोन ठेवला आणि निगेटिव्ह खिडकीशी धरून भिंगातून बघितली. नाकापाशी टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका होता. निगेटिव्हमध्ये काळा, म्हणजे फोटोत पांढरा शुभ्र.

नातवाला विचारलं तेव्हा उलगडा झाला. ते बटण एक डोळ्यांना न दिसणारा प्रकाश वापरतं, इन्फ्रारेड. रंगीत फिल्ममधले रंग तो आरपार जाऊ देतात, धूळ अडवते. जिथे अडला तिथे धूळ, असं समजून यंत्र आजूबाजूचं चित्र तिथे सारवून टाकतं. पण जुन्या काळ्या-पांढऱ्या फिल्मवर चित्रच चांदीचं असतं आणि चांदीही तो प्रकाश अडवते. सगळ्यात दाट चांदी कुठे, तर जिथे फोटोत सगळ्यात उजळ आहे तिथे. खड्याची चमक, बुबुळातला उजेड. यंत्राने इमानेइतबारे धूळ समजून सारवलं! म्हणे काळ्या-पांढऱ्याचा पर्याय निवडला तर ते बटण दबतच नाही, मीच रंगीतवर ठेवून काढत होते. म्हणजे चूक यंत्राची नाहीच. ज्याला घरातलं माहीत नाही त्याच्यावर निवाडा सोपवला, ही माझी.

यात लेकाचं म्हणणं असं की असे अपवाद सोडले तर साफ केलेले फोटो छानच दिसतात, बघणाऱ्याला आनंद होतो. खरं आहे. रंगीत पट्ट्यांना मीही ते बटण लावते, पण दुसऱ्या खेपेला. पहिली प्रत जशी आहे तशी काढायची, बुरशी-ओरखड्यासकट, मोठी फाइल करून. माझ्या सहा सेंटिमीटरच्या चौकोनी निगेटिव्हची २४०० डीपीआयने पन्नासेक एमबीची होते, होऊ दे. ती फाइल त्या माणसांना ओळखणाऱ्या कुणाला तरी दाखवायची आणि मगच झाडू हातात घ्यायचा. वर्गात मी कितीतरी मुलांच्या निबंधात 'आयशीन' खोडून 'आईने' लिहिलं आहे, लाल शाईने. त्या मुलांच्या मूळ वह्या आता कुठून आणू? निगेटिव्ह निदान डब्यात आहे.

ती पट्टी पुन्हा काढली, सगळी दुरुस्ती बंद ठेवून. खूप धूळ आली. तीन संध्याकाळ बसून एकेक ठिपका हाताने काढला, वन्सं फोनवर. "हे काय आहे बघा हो, खांद्यावर?" "ते काही नाही, काढा." "आणि हे कानाखाली?" "थांबा... ती कुडी असेल. राहू दे." सुपाच्या कडेला एक पांढरं काहीतरी आहे, ते तांदळाचा दाणा की बुरशी, यावर आमचं एकमत झालं नाही. ते तसंच ठेवलं आहे.

काळ्या-पांढऱ्या तेवीस पट्ट्या परत काढायच्या आहेत. वन्सं दिवाळीला येतायत, तेव्हा बरोबर बसून काढू म्हणाल्या.