डॉक्टरकीची लांबची वाट

अमेरिकेच्या संसदेने जुलै २०२५ मध्ये संमत केलेल्या भल्यामोठ्या अर्थविषयक कायद्यात विद्यार्थ्यांच्या कर्जासंबंधी काही कलमे आहेत. श्रीमंतांना दिलेल्या करसवलतींच्या गदारोळात त्यांच्याकडे बाहेरच्या जगाचे फारसे लक्ष गेले नाही. पदवीनंतरच्या शिक्षणाचा संपूर्ण खर्च भागेल एवढे सरकारी कर्ज देणारी ‘ग्रॅड प्लस’ ही योजना १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद करण्याचे या कायद्याने ठरविले. वैद्यकीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला ५० हजार डॉलर आणि एकूण २ लाख डॉलर अशी घातली. वैद्यकीय शिक्षणाच्या चार वर्षांचा, राहण्याजेवण्यासह, खर्च तेथील सरकारी महाविद्यालयांतही सर्वसाधारणपणे अडीच लाख डॉलरांच्या वर जातो. खासगी महाविद्यालयांत तो साडेतीन लाखांच्या पुढे असतो. मधली रक्कम एक तर बापाच्या खिशातून यायला हवी, नाही तर खासगी बँकेकडून. आणि खासगी बँक पत असलेला जामीनदार मागते. ज्याच्या घरात असा जामीनदार नाही, त्याने डॉक्टर होऊ नये असे कायद्यात कोठेही लिहिलेले नाही. तसे लिहिण्याची गरजही नाही.

या कलमाचा फटका कोणाला बसेल हे पाहायचे तर दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजातून चार वर्षांच्या विद्यापीठात ट्रान्स्फर घेणाऱ्या आणि पुढे वैद्यकीला जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याचा मार्ग तपासावा लागेल. अमेरिकेत डॉक्टरकीला बारावीनंतर लगेच प्रवेश मिळत नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग प्रवेश परीक्षा, मग आणखी चार वर्षे वैद्यकीय महाविद्यालय आणि त्यानंतर रुग्णालयातील किमान तीन वर्षांची उमेदवारी. ज्या घरात आईबाप दोघेही मजुरी करतात, त्या घरातील मुलाला या शिडीची पहिलीच पायरी परवडत नाही. म्हणून तो गावातल्या कम्युनिटी कॉलेजात नाव घालतो. तेथे फी कमी असते, घरी राहता येते, संध्याकाळचे वर्ग असतात आणि दिवसा नोकरी करता येते.

या संस्थांचा इतिहास अमेरिकेला भूषणावह आहे, हे मान्य केले पाहिजे. १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे असे पहिले सरकारी कॉलेज निघाले. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाने अशा कॉलेजांचे जाळे देशभर विणण्याची शिफारस केली. पैशाअभावी कोणाचेही शिक्षण अडू नये ही त्यामागची भूमिका अस्सल लोकशाहीची होती. १९६० मध्ये कॅलिफोर्नियाने आपला प्रसिद्ध ‘मास्टर प्लॅन’ आखला. शालेय परीक्षेत वरच्या आठव्या हिश्शात येणाऱ्यांना राज्याचे मुख्य विद्यापीठ, वरच्या तिसऱ्या हिश्शातील मुलांना दुसऱ्या फळीची राज्य कॉलेजे आणि उरलेल्या सर्वांना दोन वर्षांची कॉलेजे, अशी ती विभागणी होती. दोन वर्षांनंतर गुणवत्ता दाखविणाऱ्याला विद्यापीठात जाता येईल, असे आश्वासनही तीत होते. सारी व्यवस्था न्याय्य ठरते ती या आश्वासनामुळे. ते पाळले गेले नाही, तर उरते ती शिक्षणातली वर्णव्यवस्था.

ते किती पाळले गेले? कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के विद्यार्थी पुढे पदवी घ्यायची इच्छा बोलून दाखवितात. सहा वर्षांत ती प्रत्यक्ष हाती पडते ती सुमारे १६ टक्क्यांच्या. मधले सारे गळतात. गळण्याची कारणे घरची असतात तशी कारकुनीही असतात. अमेरिकन संसदेच्या लेखातपासणी कार्यालयाने २०१७ मध्ये दिलेल्या अहवालात असा अंदाज आहे की, एका संस्थेतून दुसरीत जाणाऱ्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिटे वाटेतच बुडतात. विषय शिकलेला असतो, फी भरलेली असते, परीक्षा उत्तीर्ण झालेली असते. पण नवे विद्यापीठ म्हणते, ‘आमच्याकडे हे चालत नाही.’ गरिबाने दोनदा पैसे मोजून एकच विषय दोनदा शिकावा, अशी ही रीत आहे.

वैद्यकीला जाऊ पाहणाऱ्याच्या बाबतीत तर प्रत्येक गाठ दुहेरी बसते. जीवशास्त्र, सामान्य रसायन, सेंद्रिय रसायन, भौतिकी असे विषय प्रयोगशाळेसह वर्षवर्षभर केलेले असावे लागतात आणि जीवरसायनही बहुतेक ठिकाणी मागितले जाते. यांतील सोपे विषय कम्युनिटी कॉलेजात होऊन जातात आणि अवघड ते विद्यापीठातील दोन वर्षांत एकत्र येऊन आदळतात. नव्या संस्थेत पहिल्या सत्रात गुण घसरतात, याला तेथील शिक्षणशास्त्रज्ञ १९६५ पासून ‘ट्रान्स्फर शॉक’ म्हणत आले आहेत. ज्या विद्यार्थ्याने चारही वर्षे एकाच विद्यापीठात काढली, त्याचा हा धक्का पहिल्या वर्षी सोप्या विषयांवर जिरतो. ट्रान्स्फर घेतलेल्याचा तो तिसऱ्या वर्षी सेंद्रिय रसायनावर उतरतो. वैद्यकीय प्रवेशाच्या केंद्रीय अर्जात मात्र प्रत्येक संस्थेतील प्रत्येक विषयाचा गुण मोजला जातो आणि विज्ञान व गणिताची सरासरी वेगळी काढली जाते. त्या आकड्यात धक्का दिसत नाही, फक्त घसरण दिसते.

त्यातही वेळापत्रकाची मेख सर्वांत क्रूर आहे. पदवीनंतर लगेच वैद्यकीला जायचे असेल, तर अर्ज तिसरे वर्ष संपता संपता, मे-जूनमध्ये भरावा लागतो. एकाच विद्यापीठात राहिलेल्याच्या मागे तोवर तीन वर्षे असतात. प्राध्यापक त्याला नावाने ओळखतात, एखाद्या प्रयोगशाळेत त्याने संशोधनाला हातभार लावलेला असतो, शिफारसपत्रे तयार असतात. ट्रान्स्फर घेतलेल्याच्या पदरी त्या विद्यापीठातील अवघी दोन सत्रे असतात. शेकडो विद्यार्थ्यांच्या वर्गातील प्राध्यापकाला त्याचा चेहराही आठवत नसतो. कम्युनिटी कॉलेजातील ज्या शिक्षिकेने त्याला खरोखर घडविले, तिच्या पत्राला निवड समितीत तेवढे वजन नसते. काही वैद्यकीय महाविद्यालये तर पायाभूत विषय चार वर्षांच्या संस्थेतच केलेले बरे, असे उघड सुचवितात. अर्जात रुग्णसेवेचा अनुभव अपेक्षित असतो आणि तो बहुधा बिनपगारी असतो. जो मुलगा रात्री गोदामात खोकी उचलतो, त्याने दुपारी रुग्णालयात फुकट राबायचे आणि ते कधी राबायचे, हे कोणी सांगत नाही. अखेर तो एकदोन वर्षे थांबतो. तसे निम्म्याहून अधिक विद्यार्थी आता थांबतातच. पण एकासाठी ते वर्ष संशोधनाचे असते आणि दुसऱ्यासाठी घरभाड्याचे.

प्रवेश परीक्षा सर्वांना एकच असते, असे यावर सांगितले जाईल. ते खरे आहे. २०१५ पासून तिचे स्वरूप बदलले, मानसशास्त्र व समाजशास्त्र यांचाही तीत समावेश झाला. गरिबी आणि आरोग्य यांचा संबंध भावी डॉक्टरला कळावा हा हेतू स्तुत्यच होता. परंतु साडेसात तासांच्या या परीक्षेची तयारी करण्यासाठी तीन-चार महिने मोकळे ठेवावे लागतात आणि शिकवणीवर्गांचे दर हजारो डॉलरांचे आहेत. परिणाम समोर आहे. अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेच्याच पाहणीनुसार, १९८८ पासून २०१७ पर्यंतच्या तीन दशकांत वैद्यकीचे सुमारे तीन-चतुर्थांश विद्यार्थी उत्पन्नाच्या वरच्या दोन-पंचमांश कुटुंबांतून आले. सरकारे बदलली, परीक्षा बदलल्या, हे प्रमाण हलले नाही.

याची मुळे १९१० सालापर्यंत जातात. त्या वर्षी अब्राहम फ्लेक्स्नर यांनी कार्नेगी फाउंडेशनसाठी अमेरिका व कॅनडातील १५५ वैद्यकीय शाळा पाहून आपला अहवाल लिहिला. त्यांतील कितीतरी शाळा निव्वळ दुकाने होती, प्रयोगशाळा नावालाही नव्हती, हे त्यांनी निर्भीडपणे मांडले आणि ते योग्यच झाले. पण बंद पडणाऱ्या शाळांच्या चालकांनी ‘गरीब मुलाचे काय होणार?’ असा प्रश्न उपस्थित केला, तेव्हा समाजाचे हित होत नसेल तर गरीब मुलाला वैद्यकी करण्याचा हक्कच नाही, अशा आशयाचे उत्तर फ्लेक्स्नर यांनी दिले. दुकानदारांच्या तोंडी हा प्रश्न ढोंगी होता, यात शंका नाही. तथापि ढोंग्याने विचारला म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. कृष्णवर्णीयांच्या सात वैद्यकीय शाळांपैकी पाच यथावकाश बंद पडल्या. हॉवर्ड आणि मेहॅरी या दोनच टिकल्या. दर्जा वाढला आणि त्याची किंमत कोणी मोजायची, हेही त्याच वेळी ठरून गेले.

आपल्याकडेही याला समांतर असा एक अध्याय आहे. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या खेड्यापाड्यांत रोग्यांची नाडी पाहणारे डॉक्टर बहुधा एल.सी.पी.एस. असत, पदवी नव्हे, परवाना घेतलेले. १९४६ च्या भोर समितीने हा दुय्यम अभ्यासक्रम बंद करून देशभर एकच पदवीधर डॉक्टर असावा, असे बहुमताने सुचविले. सहा सदस्यांनी त्याला विरोध नोंदविला होता. त्याच वर्षी पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलचे कॉलेज झाले. मात्र जुन्या परवानाधारकांसाठी एक चांगली गोष्ट करण्यात आली: त्यांना थोडक्या मुदतीत एम.बी.बी.एस. पूर्ण करता यावे म्हणून खास संक्षिप्त अभ्यासक्रम निघाले. म्हणजे दर्जा उंचावायचा आणि खाली राहिलेल्यास वर येण्यास जिना द्यायचा, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात, याचा पुरावा आपल्याच घरात आहे. आज ‘नीट’च्या एका दुपारवर सारे भवितव्य टांगणाऱ्या या देशात तो जिना कोणाच्या स्मरणातही नाही, हा वेगळा विषय.

अमेरिकेत जिना बांधण्याचे प्रयत्न झाले नाहीत, असे नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयाने १०० पैकी १६ जागा वंचित गटांसाठी राखून ठेवल्या होत्या. १९७८ च्या बाकी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते राखीव प्रमाण रद्द केले. १९९६ मध्ये त्या राज्याच्या मतदारांनी सरकारी प्रवेशांत वंशाचा विचार करण्यासच बंदी घातली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साऱ्या देशासाठी जवळजवळ तसाच निर्णय दिला. गंमत अशी की, त्याच डेव्हिसने पुढे अर्जदाराच्या आर्थिक-सामाजिक अडचणींचे मापन करणारी ० ते ९९ गुणांची मोजपट्टी तयार केली. आईबापांचे शिक्षण किती, घरचे उत्पन्न किती, विद्यार्थ्याला कमावून घरी पैसे द्यावे लागत होते काय, हे त्यात पाहिले जाते. वर्गाचा प्रश्न विचारताच वंशाच्या प्रश्नाचाही बराच भाग त्यात येतो, हे तेथील वर्गखोल्यांवरून दिसले आहे. अर्थात वर्णद्वेषाचा हिशेब तेवढ्याने चुकता होत नाही. त्याच राज्यात २०२२ पासून कम्युनिटी कॉलेजातल्या मुलांना पहिल्या वर्षापासून हाताशी धरून वैद्यकीच्या दारापर्यंत नेणारा ‘कॅलिफोर्निया मेडिसिन स्कॉलर्स प्रोग्रॅम’ चार विभागीय केंद्रांतून चालू झाला. दिशा बरोबर आहे. आवाका गरजेच्या मानाने फार लहान आहे.

हा प्रश्न केवळ त्या मुलांच्या भाग्याचा नाही. २०१४ मध्ये ‘अ‍ॅकॅडेमिक मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, कम्युनिटी कॉलेजातून वर आलेले वैद्यकीचे विद्यार्थी डॉक्टर नसलेल्या वस्त्यांत काम करण्याची तयारी इतरांपेक्षा अधिक दाखवितात. आणि अशा वस्त्या अमेरिकेत पुष्कळ आहेत. त्यांची उणीव ते राष्ट्र कशी भरून काढते? १९९४ च्या कॉनरॅड योजनेखाली प्रत्येक राज्य वर्षाला ठरावीक परदेशी डॉक्टरांना मायदेशी परतण्याच्या अटीतून मुक्त करते, त्यांनी डॉक्टर नसलेल्या भागात तीन वर्षे काम केल्यास. तेथील सुमारे चतुर्थांश डॉक्टर परदेशांत शिकलेले आहेत आणि ते पुरविणाऱ्या देशांत भारत अग्रभागी आहे. परळ-भायखळ्याच्या सरकारी व पालिकेच्या रुग्णालयांत, इथल्या करदात्याच्या पैशावर शिकलेला तरुण अशा रीतीने केन्टकीच्या डोंगरात पोहोचतो आणि केन्टकीच्या खाणकामगाराची मुलगी कर्जाच्या भीतीने रसायनशास्त्राचा वर्ग सोडते. मेळघाटातील आरोग्यकेंद्राच्या रिकाम्या खुर्चीचा आणि तिच्या सुटलेल्या वर्गाचा असा संबंध आहे.

देणग्यांवर भिस्त ठेवणारे २०२४ मधील दोन घटनांकडे बोट दाखवितील. आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयाला रुथ गॉट्समन यांनी १०० कोटी डॉलर दिले आणि तेथील फी रद्द झाली; जॉन्स हॉपकिन्सला ब्लूमबर्ग यांनी तेवढीच रक्कम दिली. उदारपणाला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण फी माफ होते ती प्रवेश मिळाल्यावर, आणि येथे अडचण प्रवेशाआधीच्या सहा-सात वर्षांची आहे. फी नसलेल्या महाविद्यालयाकडे सर्वाधिक गुणांचे अर्ज लोटतात आणि जामीनदाराची गरज नसलेल्यांनाच बिनफीच्या जागा मिळण्याचा संभव वाढतो.

याउलट हवानाच्या लॅटिन अमेरिकन वैद्यकीय शाळेने अमेरिकेच्याच गरीब मुलांना विनामूल्य जागा देऊ केल्या. १९९९ मध्ये निघालेल्या या शाळेची अट एकच: शिकून परत जायचे आणि आपल्या वंचित वस्तीत काम करायचे. क्यूबातील एकपक्षीय राजवटीशी लोकशाही समाजवाद्यांचे मतभेद आहेत आणि ते राहतील. आर्थिक कोंडी सोसणाऱ्या एका छोट्या बेटाने कोंडी करणाऱ्याच्याच मुलांना डॉक्टर करावे, ही वस्तुस्थिती त्यामुळे बदलत नाही.

मागण्या साध्या आहेत आणि त्यांतील बहुतेकांना पैसाही फारसा लागत नाही. राज्यातील सर्व सार्वजनिक संस्थांत विज्ञानाच्या विषयांना समान क्रमांक देऊन क्रेडिटे न बुडण्याची कायदेशीर हमी द्यावी. ट्रान्स्फरनंतरच्या पहिल्या सत्राचे गुण निवड समितीने वेगळे वाचावेत. रुग्णालयातील पगारी नोकरी, मग ती खाटा ढकलण्याची का असेना, बिनपगारी सेवेच्या बरोबरीची मानावी. कर्जाची मर्यादा मात्र पैशाचा प्रश्न आहे, आणि करसवलती देताना ज्या संसदेचा हात आखडला नाही, तिच्याकडेच तो पुन्हा न्यावा लागेल. २०२६ च्या नोव्हेंबरमधील निवडणुकीत निवडून येणाऱ्या प्रतिनिधिगृहापुढे हे कलम पहिल्याच अधिवेशनात यावे, यासाठी तेथील विद्यार्थी व शिक्षक संघटनांनी कंबर कसली पाहिजे.